पगार सार्वजनिक, पण फॉर्म १६ तुमचा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत १९ वर्षं शिकवते. सोमवारी पंचायत समितीतून माझ्या नावाने पत्र आलं. माझ्या चुलत दिरांनी माहिती अधिकारात अर्ज टाकून माझे गेल्या पाच वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून किती आयकर कापला याचे दाखले), आयकर गणनेचे तक्ते आणि त्यांना जोडलेली सगळी कागदपत्रं मागितली आहेत. "आपले म्हणणे १० दिवसांत सादर करावे, अन्यथा आपली हरकत नाही असे समजून माहिती देण्यात येईल," असं पत्रात लिहिलंय. सासरी जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे, त्यावरूनच हे सगळं.

माझा धाकटा भाऊ माझ्याकडे राहतो. त्याला गंभीर मानसिक आजार आहे, सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र आहे आणि त्यावर मी दरवर्षी ८० डीडीची, म्हणजे अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठीची, आयकरातली सूट घेते. मिस्टरांशिवाय सासरी हे कुणाला माहीत नाही. गावात आम्ही सांगतो की तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. मिस्टर म्हणतात, देऊन टाक, आपण काय चोरी केलीय? मुख्याध्यापक म्हणतात, सरकारी नोकराला कसली आलीय गुप्तता. एक सर म्हणतात, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सरळ केस ठोका. मला तर रात्रभर झोप नाही. काय करू?

— एक शिक्षिका, मराठवाडा
(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पत्रातला काही भाग इथे छापलेला नाही.)

बाई,

तुम्हाला बाईच म्हणते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी, मुदत चुकू नये म्हणून, चार ओळी पाठवल्या होत्या. आता सविस्तर लिहिते. तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, पोलीस शिपाई, ज्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो आणि ज्याच्या घरात एखादा वाद पेटलेला आहे, अशा कुणाच्याही हातात उद्या हाच कागद पडू शकतो.

आधी नोटिशीबद्दल, कारण तुमची झोप तिने उडवली आहे. ती तुमच्यावरचा आरोप नाही. कायद्याने तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये म्हणून ती आली आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ११ मध्ये तुम्ही "त्रयस्थ पक्ष" आहात. मागणारा एक, देणारं कार्यालय दुसरं आणि जिच्याबद्दल मागितलंय ती तुम्ही तिसरी. तुम्ही कार्यालयाला विश्वासाने दिलेली माहिती कुणी मागितली आणि ती देण्याचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत जन माहिती अधिकाऱ्याने तुम्हाला लेखी कळवायचं. नोटीस मिळाल्या दिवसापासून तुम्हाला १० दिवस. अर्ज आल्यापासून ४० दिवसांच्या आत त्यांनी निर्णय घ्यायचा आणि तो तुम्हालाही लेखी कळवायचा.

"अन्यथा हरकत नाही असे समजून" हे वाक्य कायद्यात कुठेही नाही. गप्प बसणं म्हणजे संमती, असं कलम ११ म्हणत नाही. पण कार्यालयांमध्ये काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. टेबलावर अर्जांचा गठ्ठा असतो, माहिती वेळेत दिली नाही तर दिवसाला २५० रुपये दंडाची भीती असते आणि ज्या प्रकरणात समोरून हरकत आलेली नाही ते प्रकरण झेरॉक्स मारून मोकळं केलं जातं. म्हणून कायदा तुमच्या बाजूने कितीही भक्कम असला, तरी तुमचा कागद त्या फाइलमध्ये दहाव्या दिवसाच्या आत लागलाच पाहिजे. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट जपा, त्यावर तारीख असते.

मी पाठवलेला मसुदा असा होता. तो तुमच्यासारख्या इतरांनाही वापरता येईल:

"प्रति, जन माहिती अधिकारी. विषय: माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ११ अन्वये त्रयस्थ पक्ष म्हणून लेखी म्हणणे. संदर्भ: आपले दिनांक … चे पत्र. महोदय, अर्जदाराने मागणी केलेले माझे फॉर्म १६, आयकर गणना तक्ते व सोबतची कागदपत्रे ही माझी वैयक्तिक माहिती असून ती मी कार्यालयास केवळ आयकर कपातीच्या प्रयोजनार्थ विश्वासाने दिलेली आहे. सदर माहिती अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) अन्वये प्रकटनातून सूट असलेली आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे वि. केंद्रीय माहिती आयुक्त (दि. ३ ऑक्टोबर २०१२) या प्रकरणी आयकर विवरणपत्रातील तपशील वैयक्तिक माहिती असल्याचे स्पष्ट केले आहे. अर्जदाराने कोणतेही व्यापक जनहित दर्शविलेले नाही. सबब सदर माहिती देण्यास माझी हरकत आहे. माझे पदनाम, वेतनश्रेणी व मासिक वेतन याबाबत माझी हरकत नाही. आपला निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. लिपिक म्हणाले "राहू द्या मॅडम, मी लावतो फाइलला", तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

या मसुद्यात भावाचा एक शब्दही नाही, ते मुद्दाम. माणूस घाबरला की हरकतीतच सगळं सांगून बसतो: माझ्या घरी अमुक आजारी आहे, ते कळू नये म्हणून माहिती देऊ नका. तुमचं हे पत्रही सरकारी फाइलला लागणार आहे. अपिलात ते वाचलं जाईल, आदेशात त्यातली ओळ उतरवली जाईल आणि उद्या ती फाइलही कुणी मागू शकेल. जे झाकायचं तेच हरकतीत लिहून देऊ नका. वैयक्तिक माहिती आहे, एवढं म्हणणं कायद्याला पुरतं.

शेवटून दुसरं वाक्यही विचारपूर्वक घातलं आहे. तुमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. याच कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचं आहे. म्हणजे तुमचा पगार किती, हे दिरांना काय, गावातल्या कुणालाही विचारता येतं, आणि ते योग्यच आहे. तो पैसा लोकांचा. त्यालाही हरकत घेतली तर तुमचा अर्ज हटवादी दिसेल आणि अपिलात पहिला घाव तिथेच बसेल. जे लोकांचं आहे ते आपण होऊन मोकळं करा, मग उरलेल्याबद्दल तुमचा शब्द जास्त जड होतो. कलम १० नुसार देण्याजोगा भाग वेगळा काढून देता येतो आणि बाकीचा नाकारता येतो, त्यामुळे अधिकाऱ्यालाही हे सोयीचं पडतं.

मुख्याध्यापकांचं उरलेलं अर्धं मात्र चुकतं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. पगार आणि आयकराचा तक्ता एकच, असं त्यांच्यासारख्या अनेकांना वाटतं, कारण दोन्हींत आकडे असतात.

जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही भरून देता तो तक्ता समोर घ्या. वरच्या चार-पाच ओळींत मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. इथपर्यंत सगळं सार्वजनिक. त्याखाली घरभाड्याची सूट येते. भाडं वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणजे ज्याचा या भांडणाशी काडीचाही संबंध नाही असा आणखी एक माणूस तुमच्या कागदात आला. मग गृहकर्जाचं व्याज: कुठल्या बँकेचं, किती थकलेलं. विम्याचे हप्ते, कुणाच्या नावाची पॉलिसी. ८० जीची पावती असेल तर कुठल्या संस्थेला देणगी दिली. ८० ई असेल तर कुणाच्या शिक्षणाचं कर्ज. आणि मग तुमची ती ओळ. ८० डीडीमध्ये खर्च किती झाला हे बघत नाहीत. अवलंबून असलेल्या व्यक्तीचं अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी नसेल तर ठरीव ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००. म्हणजे नाव नाही, आजार नाही, प्रमाणपत्र नाही, नुसता "१,२५,०००" एवढा आकडा ज्याला कायदा कळतो अशा माणसाच्या नजरेस पडला, तरी त्याला कळतं की या घरात कुणीतरी गंभीर अवस्थेत आहे. त्या घरात राहणारी माणसं किती आणि त्यांतला कोण, हे शोधायला भावकीला एक दुपार पुरते.

पगार सरकारने दिला, पण या तक्त्यातल्या खालच्या ओळी तुमच्या घराच्या आहेत. त्यातली एक तर तुमचीसुद्धा नाही, तुमच्या भावाची आहे. तो सरकारी नोकर नाही आणि त्याला कुणी नोटीसही पाठवलेली नाही.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा. चोरी केली नाही म्हणून दार उघडं ठेवावं, असं आपण घराच्या दाराबाबत म्हणत नाही. त्यांचा स्वभाव सरळ आहे, ते पत्रातून दिसतं. पण हा निर्णय त्यांनी भावाच्या खोलीत जाऊन, त्याच्याशेजारी बसून घ्यावा.

आता त्या निकालाबद्दल. शाळेतल्या सरांनी सांगितलेला निकाल खरा आहे, आणि प्रकरण आपल्याच भागातलं आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याबद्दल २००८ मध्ये माहिती मागितली गेली. नेमणूक, पगार, बदल्या, मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता, मिळालेल्या भेटवस्तू आणि आयकर विवरणपत्रं. काही माहिती दिली गेली, बरीच नाकारली गेली. केंद्रीय माहिती आयोग, मग मुंबई उच्च न्यायालय, असं करत प्रकरण दिल्लीला पोहोचलं. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. दीपक मिश्रा यांच्या खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सांगितलं की आयकर विवरणपत्रात माणूस जे तपशील देतो ती वैयक्तिक माहिती आहे. मोठं जनहित असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तरच ती देता येईल, आणि या अर्जदाराने असं जनहित दाखवलेलं नाही.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. १३ नोव्हेंबर २०१९ ला, सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकारात येतं असा निकाल देताना, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने वैयक्तिक माहितीत काय काय मोडतं याची यादीच दिली. मालमत्ता, देणी, आयकर विवरणपत्रं, गुंतवणुका आणि वैद्यकीय नोंदी, सगळं तिच्यात आहे. हाही संदर्भ हरकतीत घालता येईल, पण पहिल्या पत्राला एकच निकाल पुरे. यादी लांबली की वाचणारा शेवटपर्यंत जात नाही.

२०१२ च्या त्या निकालातला एक भाग मला आजही पटत नाही. सरकारी नोकराला मिळालेला मेमो, त्याच्यावर झालेली शिक्षा, हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला आहे असं त्यात म्हटलं गेलं. सरकारी नोकराचा मालक म्हणजे तर लोक. माझ्या रस्त्याचं बिल ज्याने काढलं त्याला त्याबद्दल ठपका मिळाला का, हे मला विचारता आलं पाहिजे. पण विवरणपत्राबद्दल तो निकाल जे म्हणतो, ते मला तेव्हाही पटलं होतं.

नव्या बदलाचंही सांगते, कारण कार्यालयात तुम्हाला कुणीतरी सांगेलच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ ने कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. आधी या कलमात अटी होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडावा, आणि मोठं जनहित असेल तर ती देता येई. आता तिथे "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती" एवढंच उरलं आहे. तुमच्या प्रकरणात हा बदल तुमच्या फायद्याचा आहे, तरी मला त्याचा आनंद नाही. तुमचा फॉर्म १६ जुन्या कलमाखालीही सुरक्षितच होता. नव्या कलमाआड मात्र खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळवणारेही लपतील. कलम ८(२) शिल्लक आहे. सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते म्हणतं. चुलत दिरांना जायचंच असेल तर त्या वाटेने जावं लागेल, आणि वाटणीच्या भांडणाला कुणी सार्वजनिक हित म्हणणार नाही.

"केस ठोका" हा सल्ला मात्र बाजूला ठेवा. सरांचा हेतू चांगला आहे, पण दार चुकलं आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम २३ सांगतं की या कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही, कायद्यातलं अपील हाच मार्ग. आणि आज तर तुमच्याविरुद्ध आदेशच झालेला नाही. तो झाला, म्हणजे माहिती द्यायची असं अधिकाऱ्याने ठरवलं, तर तुम्हाला ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. जोडपत्र 'ब' (प्रथम अपिलाचा ठरलेला नमुना) आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्या अर्जातच स्वतंत्र ओळीत मागा की अपिलाचा निर्णय होईपर्यंत माहिती देऊ नये. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, तुमच्या भागासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. माहितीचा पहिला अर्ज नाकारला गेला म्हणून दीर अपिलात गेले, तरी आयोगाला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कलम १९(४) तसं सांगतं, म्हणून सुनावणीची नोटीस आली तर गैरहजर राहू नका. उच्च न्यायालयातली रिट याचिका ही सगळ्यात शेवटची पायरी. बहुतेक प्रकरणं पहिल्या लेखी हरकतीवरच मिटतात, म्हणून मी त्या एका पानावर इतका जोर देते आहे.

दीर आयकर कार्यालयातही अर्ज टाकतील, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. टाकू द्या. करदात्याची माहिती बाहेरच्या माणसाला द्यायची की नाही, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे तिथले आयुक्त जनहित पाहून ठरवत आले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पीएम केअर्स निधीच्या प्रकरणात सांगितलं की आयकर खात्याकडची अशी माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराची नव्हे, ही कलम १३८ ची वाट धरावी लागते. तिथून त्यांच्या हाती काही लागेल असं मला वाटत नाही.

आता जमिनीचं, कारण खरा प्रश्न तो आहे. दिरांना तुमचे कागद का हवेत, याचा मी बराच विचार केला. वाटणीच्या दाव्यात तुमच्या पगाराचा तसा संबंध नाही. शिक्षणाच्या बळावर मिळवलेली कमाई ज्याची त्याची, हे १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्यापासून ठरलेलं आहे. अर्थ एकच निघतो: तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर घेतलेला एखादा प्लॉट वा शेत एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलं, असं त्यांना म्हणायचं असेल. तसं असेल तर, बाई, तुमची कमाई हाच तुमचा पुरावा आहे, आणि तो तुम्ही स्वतःहून, तुमच्या वकिलामार्फत कोर्टात दाखल करायचा. मात्र त्यासाठी आयकराचा तक्ता लागत नाही. वेतन प्रमाणपत्र, बँकेचं खातेपुस्तक, कर्जाचा उतारा एवढ्यावर काम होतं. आजच वकिलांना विचारा की दाव्यात अशी कुठली मिळकत घातली आहे का.

दिरांना खरोखर एखादा कागद लागत असेल तर दिवाणी न्यायालयात तो हजर करवून घेण्याची सोय आहे. ते तिथे अर्ज करतील, तुमचे वकील उत्तर देतील, न्यायाधीश विचारतील की या कागदाचा वादाशी काय संबंध. संबंध असेल तर तेवढाच भाग पुढे येईल, बाकीचा झाकून ठेवा असंही मागता येतं. पंचायत समितीच्या खिडकीवर हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ते त्या खिडकीवर गेले आहेत.

हे पोटगीच्या प्रकरणांना लागू नाही, एवढं इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. नवऱ्याचा पगार किती हे बायकोला कळूच नये म्हणून कुणी २०१२ च्या त्या निकालाची ढाल करत असेल तर ती टिकत नाही. पोटगीच्या वादात नवऱ्याची वेतनचिठ्ठी ही निव्वळ खासगी बाब नाही, असं नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०१८ मध्ये म्हटलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं सक्तीचं केलं आहे. तिथे पोट भरण्याचा प्रश्न आहे. तुमच्याकडे तसं कुणी उपाशी नाही.

एक गोष्ट विचारते, राग मानू नका. सूट घेताना कागद बरोबर होते ना? प्रमाणपत्र चालू मुदतीचं, भाऊ खरोखर तुमच्यावर अवलंबून? तुमच्या पत्राचा सूर तसाच आहे, मला शंका नाही. पण आयकर खातं किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग विचारायला आला तर ही गोपनीयता त्यांच्यासमोर चालत नाही. ती शेजाऱ्या-पाजाऱ्यांपासून आहे. म्हणून मूळ प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाची तारीख एकदा तपासून ठेवा.

तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मला मात्र नोटिशीपेक्षा जास्त धास्ती वाटली. तुम्ही सहज लिहिलं आहे की "तक्ते तर दरवर्षी केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवरच टाकतो आम्ही, एक्सेल शीट असते, सगळ्यांनी आपापली ओळ तपासायची." बाई, दिरांनी १० रुपयांचा स्टॅम्प लावून जे मागितलं ते त्या ग्रुपवरच्या चाळीस-पन्नास फोनमध्ये आधीच आहे. पॅन, खाते क्रमांक, कर्ज, ८० डीडी, सगळं. मी अशी एक शीट माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. एका पक्षकार शिक्षकांनी दुसरंच काही दाखवायला मोबाइल पुढे केला आणि वरच्या निरोपात सगळ्या केंद्राची घरं उघडी पडलेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. लिपिकाला प्रत्येकाला वेगळं पाठवायचा कंटाळा होता, एवढंच.

हे याच आठवड्यात थांबवा, आणि एकट्या थांबवू नका. चार-पाच जणींच्या सह्यांचं साधं निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या: आयकर तक्ते प्रत्येकाचे वैयक्तिकरीत्या घ्यावेत, ग्रुपवर टाकू नयेत, टाकलेले काढून टाकावेत. इतरांना कारण सांगायची गरज नाही, पॅन चोरीला जातो एवढं कारण सगळ्यांना पटतं. आणि विवरणपत्र भरून देणाऱ्या माणसाकडे जर अख्ख्या तालुक्याचे पासवर्ड एका वहीत लिहिलेले असतील, तर तुमचा तेवढा आज रात्री बदला.

भावाचं प्रमाणपत्र पुढच्या वर्षी देताना बंद लिफाफ्यात, वर "गोपनीय, आयकर कपातीसाठी" असं लिहून, थेट आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, हातात द्या आणि पोच घ्या. हेही नको असेल तर दुसरा मार्ग आहे. ती सूट कार्यालयात मागूच नका. कर थोडा जास्त कापला जाईल. जुन्या करप्रणालीतलं विवरणपत्र मुदतीत भरताना तुम्ही स्वतः ती सूट घ्या आणि परतावा मागा. पैसे काही महिने अडकतील, पण भावाचा कागद कार्यालयाच्या कपाटात राहणार नाही. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि आधीच्या पाच वर्षांच्या फाइली कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे असते, हे हरकत द्यायला जाल तेव्हा त्या लिपिकांना शांतपणे विचारून या.